उंदरांचा नवस

इस्फहानच्या प्रयोगशाळेत पिंजरे तपासायला बसली की तलअत हटकून रौज्यातली, हुसैनच्या शोकसभेतली चाल गुणगुणायची. शेजारची बेहनूश हसायची. "खानम, करबला ऐकून उंदीर रडायला लागले तर व्रण कसे बघायचे?"

"रडू देत गं. रडून कुणाचं वाईट झालंय?"

आज मात्र तिचा आवाज कोरडा पडला होता. सालक या त्वचारोगावरची लस टोचलेल्या उंदरांच्या शेपटीच्या बुडाशी मुद्दाम रोगाचे जंतू सोडले होते. तिथे चिघळलेले व्रण निघाले तर काम गुंडाळायचं, असं ठरलेलं.

पहिला उंदीर उचलताना तिला आई आठवली. गावाकडे वाळूमाशी चावली की व्रण उठे, वर्षभर भरत नसे. भरला तरी खड्डा जन्माचा. थोरल्या उझराच्या गालावर तो उठला तेव्हा आईने डोकं चालवलं. बायकांच्या रौज्यात मुल्लाने तान लावली, खोली हुंदक्यांनी भरून गेली, आणि आईने उझराच्या गालावरच्या व्रणातली लस सुईच्या टोकावर घेऊन धाकट्या तलअतच्या मांडीवर ओरखडली. झाकल्या जागी एकदा सालक येऊन गेला की तोंड वाचतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तलअत किंचाळली. बायका म्हणाल्या, "एवढीशी पोर, पण भक्ती बघा!"

उझरा अजून चिडवायची, "रूप तुझं, भांडवल माझ्या गालाचं!"

लस न दिलेल्या पिंजऱ्यात शेपट्या उघड्या जखमांनी भरल्या होत्या. लशीच्या पिंजऱ्यात बारीक गाठी होत्या, वर खपली धरलेली. बेहनूशने शेवटचा उंदीर उजेडात धरला. "चिघळलेला एकही नाही, खानम. काम चालू राहणार!"

तलअतने डोळे पुसले आणि बहिणीला फोन लावला.

"आबजी, व्रण आले, पण सुकतायत."

"म्हणजे साफ कोरे नाहीत? मी पातेलंभर शोलेजर्दचा, केशरी खिरीचा नवस बोलले होते तुझ्या उंदरांसाठी."

"कोरे नाहीत गं."

"मग अर्धं पातेलं आज. अर्धं, कोरे निघतील तेव्हा." उझराने विचारलं, "मांडीवरचा वण आहे ना अजून?"

"आहे की."

"आईचा हात आहे तो. माझ्या गालावर नुसती माशी, पण तुझ्या मांडीवर आई." मग नाक ओढून म्हणाली, "बरं, खिरीवर दालचिनीने हुसैनचं नाव लिहितेच. कडेला एक शेपटी काढू का?"

तलअत हसली, आणि हसता हसता तीच चाल पुन्हा ओठांवर आली.