जित्या माणसाचा मरशिया

फटाणे गायला अख्ख्या कतारगामात चंद्रभागेच्या तोडीची बाई नव्हती. लग्नात मुलीकडच्या बायकांनी वऱ्हाडाची गाण्यातून खिल्ली उडवायची आणि वऱ्हाडानं ती हसत हसत सोसायची, ही सुरतेची रीत. जो चिडला त्याचं नाक गेलं. चंद्रभागेचे शब्द गुजराती असत, चाल मात्र माहेरच्या जात्याची. खानदेशातून तिनं दुसरं आणलं तरी काय होतं?

सहासष्टच्या उन्हाळ्यात छगनभाईंच्या रमीलाचं लग्न निघालं. त्यांच्याच मागाच्या कारखान्यात चंद्रभागा कांड्या भरायची. रमीला तिच्या मांडीवर वाढलेली. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव कानावर पडलं आणि तिच्या हातातली कांडी घरंगळत गेली. मगनलाल. पूर्वी म्हणे मुंबईला त्यांची मुक्या सिनेमांची कंपनी होती.

म्हणे कशाला! त्याच कंपनीची नायिका होती चंद्रभागा. तीन चित्रपट केले. ती नुसती पापणी उचलायची आणि पुढच्या बाकांवरचे हमाल डोळे पुसायचे. मग बोलपट आले, मुका खेळ कुणी बघेना. तिसरा चित्रपट पडायला आला तसं मगनलालनं तिला विश्रांतीच्या नावाखाली महाबळेश्वरला धाडलं, आणि मागे पेपरात छापलं की नायिका तापानं गेली. थिएटरच्या दारात तिच्या फोटोला हार, पुढे उदबत्ती. लोक रडायला म्हणून तिकिटं काढून आत शिरले.

ती परतली तर जो तो तिला तोतया म्हणून हाकलू लागला. मेलेल्या बाईला काम कोण देणार? गावाकडे आईनं बातमी ऐकली ती अंथरुणाला खिळली. लेक दारात उभी राहिली तेव्हा आई गेलेली, चूल थंड होती. पुढे गिरणीकामगार सुकलालशी लग्न झालं, सुरत आली, तोही गेला. हे सगळं तिनं फक्त एकीला सांगितलं होतं, जोडीनं गाणाऱ्या धुरपदाबाईला.

लग्नाच्या सकाळी तिनं धुरपदाबाईला बेत सांगितला. आज फटाणा नाही. गुजराती बायका मयतापुढे छाती बडवून गातात तो मरशिया, भर मांडवात, त्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन. त्यानं तिला जिती मारली, तीही त्याला जिता रडणार.

धुरपदाबाईनं गुंफत्या गजऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "पोरना कुकूवर मरशिया म्हणशी, माय?"

चंद्रभागेनं अंबाडा आवळून बांधला.

मांडवात मगनलाल पुढच्याच गादीवर होता. कानात अत्तराचा फाया, हातात सुपारी. तिच्याकडे बघून त्यानं ओळखीचं काही दाखवलं नाही. तिनं सूर लावला:

*व्याही आले गं, आले, मिशीला लावून तूप,*
*घरच्या मांजरीनं गं, चाटलं अख्खं रूप.*

मांडव खदखदला. मगनलालही पोट धरून हसला. तिनं पुढचं कडवं त्याच्याच डोळ्यांत बघून म्हटलं:

*नवऱ्याच्या आजोबांनी जितीला घातला हार,*
*मेली म्हणून दवंडी, तिकिटांचा बाजार.*

कुणाला काही कळलं नाही. हसायचं म्हणून सगळे हसले. मगनलालची सुपारी मात्र दातांतच राहिली.

आता मरशिया. तिनं तोंड उघडलं, आणि चौरंगावर बसलेली रमीला तिला दिसली. हळदीनं पिवळीधमक, मावशी आता काय म्हणते म्हणून आधीच हसू दाबून बसलेली.

चंद्रभागेनं आवाज गिळला. तोंड मात्र मिटलं नाही.

ती उठली. अंबाडा सोडला. भुई जणू खचतेय अशी मगनलालपुढे गुडघ्यांवर आली, आणि छातीवर मुठी आपटू लागली. प्रत्येक मूठ अंगापासून बोटभर अलीकडे थांबायची. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, हूं की चूं नव्हतं. पाठीमागच्यांना वाटलं, म्हातारीनं नवीन सोंग काढलं. कुणी शिट्टीही मारली. तोंड दिसत होतं ते फक्त मगनलालला. अशी पापणी उचलणारी बाई त्यानं उभ्या जन्मात एकच पाहिली होती.

त्याच्या ओठांवर तिचं नाव आलं. तिनं मान हलवली. आवाजाविना नुसते ओठ हलले: नाही, तुम्ही गेलात, शेठ. ही मी तुमच्या उशाशी बसलेय.

तो उठायला गेला. छगनभाईंनी हात धरून खाली बसवला. "अरे, फटाण्यावर रुसता काय, शेठ? हसा, हसा!"

मगनलाल हसला. घाम गळपट्टीपर्यंत उतरला होता, तरी हसत राहिला; न हसून जातो कुठं?

चंद्रभागेनं प्रेतावर चादर ओढावी तशी त्याच्या पायांपासून हवा ओढली, सावकाश, गुडघ्यांवरून, पोटावरून, छातीवरून. तोंडापर्यंत आल्यावर थांबली. त्याला नीट बघू दिलं.

मग तिनं त्याचं तोंड झाकलं.