गेलेल्या माणसांची जागा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघी चुलीपाशी बसून एका मेलेल्या माणसावरून भांडत होतो.

"नथू लई गोड बोलायचा, हे लिव्ह," आई म्हणाली. "आन् बायकोशी बारा वर्सं बोलला न्हाई, हे बी लिव्ह."

"आई, त्याची बायको वाचेल ना."

"वाचू दे की. तिला ठावं न्हाई व्हय?"

आईचा ब्लॉग होता. नाव 'गेलेली माणसं'. आमच्या कोळवण खोऱ्यात कुणी वारलं की चौकात फ्लेक्स लागतो, दहाव्याला घाटावर भाषणं होतात, आणि जो तो दानशूर, मनमिळाऊ होऊन बसतो. एकदा असंच भाषण ऐकून घरी आल्यावर आई म्हणाली होती, "फोटो बघितला म्हनून कळलं कोन मेलंय ते." त्यानंतर ती फोनवर बोलायची आणि मी सूसला माझ्या घरी बसून ते उतरवून घ्यायचे. तिची भाषा मी कधी सुधारली नाही. पोटापाण्यासाठी खोऱ्याबाहेर गेलेली माणसं ते वाचायची आणि एकमेकांना पाठवायची.

"त्या कंपनीचं काय झालं?" तिनं विचारलं.

ब्लॉग ज्या कंपनीकडे ठेवला होता, तिची मेल आली होती. एका पानाबद्दल तक्रार आहे, पान काढा, नाहीतर साइट बंद करू. पान माझ्या थोरल्या चुलत्यांचं होतं, अण्णासाहेबांचं. आईनं लिहिलं होतं: 'अण्णासाहेबांनी समद्या वाडीला पानी दिलं. आन् भाऊबीजेला बहिनीच्या ताटात साडी ठिवून तिच्या वाट्याची जमीन उचलली.' बहीण म्हणजे माझी जयाआत्या. तक्रार कुणाची, ते मेलमध्ये नव्हतं, पण विचारायचीही गरज नव्हती. अण्णासाहेबांचा मुलगा दादासाहेब दोन महिने हेच पान काढायला सांगत होता.

"म्हंजी तितं आपुन भाड्यानं ऱ्हातोय?"

"सगळेच भाड्यानं राहतात, आई."

"मग दुसरी खोली बघ. येवढी मेलेली मान्सं घिऊन मी कुटं जाऊ?"

आम्ही खूप हसलो. संध्याकाळी मी स्कूटरवरून सूसला परतले. सकाळी आई नळावर कळशी भरायला बसली, ती उठलीच नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं साइट बंद केली. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. दादासाहेबही आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"गौतमी, काकी गेली. आता ते बंद झालंय तर बंदच राहू दे."

"नवी जागा शोधतेय, दादा."

"मेलेल्या मानसाची बदनामी करतं का कोनी?"

"पाण्याचंही लिहिलंय तिनं. तुझ्या वडलांनी विहीर दिली ते."

"मग तेवढंच ठेव की!" तो हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आत्यानं तिच्या हातानं हक्कसोड करून दिलीय. आता जमिनीला भाव आला म्हनून तिला फसवलेलं आठवतंय. म्हातारी काय बी बोलतीय, आन् काकीनं ते लिवून टाकलं. पुरावा हाय का तुज्याकडं?"

जयाआत्या पलीकडे तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. सगळं गाव तिला समोर आत्या म्हणायचं आणि पाठीमागं खोटारडी.

दुपारी मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले. होस्टिंग निवडताना लोक जागा किती, वेग किती, पहिल्या वर्षी सूट किती, हे बघतात. मी एकच प्रश्न विचारत गेले: कुणी तक्रार केली तर तुम्ही काय कराल?

पहिल्या कंपनीच्या चॅटवर हसऱ्या चेहऱ्याची चित्रं येत होती. माझा प्रश्न गेल्यावर ती थांबली. मग उत्तर आलं, आधी साइट बंद करतो, चौकशी नंतर. दुसरीनं इंग्रजीतले लांबलचक नियम पाठवले. त्यांचा अर्थ तोच होता, फक्त सभ्य भाषेत. तिसरी पुण्यातलीच लहानशी कंपनी होती. फोन लगेच उचलला गेला.

"स्वरदा बोलतेय. कोर्टाचा आदेश आहे का? नाही ना? मग आम्ही परस्पर काही काढत नाही. तक्रार तुम्हाला पाठवू, उत्तर तुम्ही द्यायचं."

"चालेल."

"पण निनावी खातं नाही चालत आमच्याकडे. लिहिणाऱ्याचं नाव?"

"सगुणाबाई. माझी आई. ती परवा गेली."

"सॉरी, ताई. मग मजकुराची जबाबदारी कोण घेणार? नाव साइटवर दिसेल. उद्या कुणी विचारलं तर ज्याचं नाव आहे त्याला हे खरं आहे असं सांगता आलं पाहिजे."

निवडलेला तांदूळ आता चुलीवर शिजत होता. वास ओसरीपर्यंत येत होता.

"माझं नाव घाला," मी म्हणाले.

आधीच्या कंपनीकडून सगळा मजकूर उतरवून घेऊन तो नव्या ठिकाणी चढवायला दोन दिवस लागले. ब्लॉग पुन्हा उघडला, तेव्हा तळाशी माझं नाव होतं. नथूचं पानही मी त्यात घातलं. आई म्हणाली होती तसंच, बारा वर्षांसकट.

दहाव्याला घाटावर गर्दी झाली. पिंड ठेवले गेले, आणि कावळ्याची वाट पाहत बसलेल्या माणसांसमोर माइक सुरू झाला. एका पुढाऱ्यानं आईला सोशिक माउली म्हटलं. दुसऱ्यानं तिचा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता म्हणून सांगितलं. मागच्या बायकांत कुणीतरी फसकन हसलं. एरवी मलाही हसू आलं असतं.

मग दादासाहेब उठला.

"काकी देवमानूस. तिला धड लिवता बी येत न्हवतं. तवा तिच्या नावावर कोन काय काय छापतंय, तिकडं ध्यान देऊ नका. आमची आत्या भोळी. तिच्या डोस्क्यात कोनीतरी भरवलंय. घरची गोष्ट हाय, घरात मिटंल."

बायकांच्या पहिल्या ओळीत जयाआत्या बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मी उठले. दहाव्याला बाई माइकवर बोलत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. दादासाहेबानं माइक सोडला नाही.

"बस खाली, गौतमी. तू दुःखात हायेस."

"आहे," मी म्हणाले. "दे इकडं."

एवढ्या माणसांसमोर त्याला ओढाताण करता येईना. मी माइक घेतला. तो फार जवळ धरला गेला, कर्कश आवाज झाला, तशी पुढची पोरं दचकली. मी थोडा लांब धरला.

"माझी आई सोशिक नव्हती," मी म्हणाले. "तिनं जे लिहिलं ते तिचंच आहे. आता त्याखाली माझं नाव आहे, कारण त्यातलं एक मला स्वतःला माहीत आहे. मी तेव्हा पाचवीत होते. भाऊबीज होती. आत्यानं ओवाळलं आणि अण्णांना विचारलं, पौडला कचेरीत कसली सही करायला जायचंय? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अण्णा म्हणाले, 'पंपाच्या लायटीचं हाय, तुजीबी सही लागतीय.' तीच सही हक्कसोडीवर झाली. मला हे कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

आत्यानं पदर खाली घेतला होता. मी तिच्याकडे पाहून बोलले.

"आत्या, तू खोटं बोलत नाहीस. मी ऐकलं होतं."