नुसत्या गुंडाचा खून

वळसंगचा गुंडा धनगर मंगळवारी चार बोकडं विकायला सोलापुरात आला आणि बुधवारी सकाळी जनावरांच्या बाजारामागच्या नाल्यात पालथा सापडला. डोकं मागून फुटलेलं. अंगावरचं घोंगडं नाही, कमरेचा चांदीचा करदोडा नाही. चौकीवरच्या गुरप्पा हवालदारानं बुटाला चिखल लागू न देता काठावरूनच पंचनामा उरकला आणि लिहिलं, इसम दारू पिऊन पडला व मेला.

नवऱ्याला माती देऊन दुसऱ्याच दिवशी चिमाबाई चौकीत आली. बाई बुटकी, पण आवाज माळावर मेंढरं हाकून कमावलेला. तिचं म्हणणं साधं होतं. नवरा दारू पीत नव्हता; आणि प्यायला असता तरी पालथ्या पडलेल्या माणसाचं डोकं मागून कसं फुटेल? हवालदारानं पान चघळत ऐकून घेतलं. माणूस कसाही मेला तरी मेलेलाच असतो, हे तिला समजावलं आणि "होगम्मा, होग" असं कानडीत म्हणत वाटेला लावलं.

ती गावी गेली नाही. मावसबहीण मायाक्का गिरणीत कामाला होती, तिच्या खोलीत राहिली आणि दिवसभर बाजार पालथा घालू लागली. शनिवारी तिला घोंगडं दिसलं. येडू नावाचा गाडीवान अड्ड्यावर ते पांघरून विडी ओढत बसला होता. लाल काठाची लोकर चिमाबाईनं स्वतः कातलेली, आणि कोकरानं कुरतडलेल्या कोपऱ्यावर तिच्याच हातचे पांढरे टाके. ती धावत चौकीत गेली. हवालदार म्हणाला, सोलापुरात घोंगडी काय एकच आहे?

रविवारी मुकुंदराव वकील आपल्याच बागेत मारलेले सापडले.

मुकुंदराव म्हणजे मोठी असामी. ऑनररी मॅजिस्ट्रेट, तीन संस्थांचे अध्यक्ष, आणि चौथीच्या अध्यक्षांवर त्यांचा दावा चालू. सोमवारी शाळा बंद राहिल्या. पेपरवाल्यानं काळ्या चौकटीत सगळं चरित्र छापलं, त्यांना कारलं किती आवडायचं ते धरून. पुण्याहून गोरा साहेब आला. अठरा पोलीस बागेतला पाचोळा चाळायला बसले; गुलाबाच्या वाफ्यात गुडघे टेकून काटे मोजणारा त्यांतला एक गुरप्पा हवालदार होता.

चिमाबाई हे कुंपणाबाहेरून बघत होती. तिला राग आला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. म्हणजे यांना खुनी शोधता येतो तर!

ती तडक फौजदारापुढे जाऊन उभी राहिली. "सायेब, वकीलसायबांच्या कुंपणावरनं उडी टाकताना एक गडी बगितला म्या. लाल काठाचं घोंगडं हुतं. कोपऱ्यात पांडरं टाकं."

"इतक्या लांबून टाके दिसले?"

"मेंढरं राखणारी हाय की मी."

तासाभरात गाड्यांच्या अड्ड्याला वेढा पडला. येडूच्या कडब्याच्या पेंढीतून करदोडा निघाला. अठरा पोलीस आणि वर एक गोरा साहेब बघून येडूची बोबडी वळली. त्यानं साहेबाचे बूट धरले आणि देवाशप्पथ सांगितलं, वकिलाला आपण ओळखतही नाही, आपण फक्त नाल्यातल्या धनगराला मारलं. साहेबानं त्याचा अर्थ दोनदा विचारून घेतला आणि त्याला लगेच मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिथंही तो तेच बोलला.

फौजदार कपाळाला हात लावून बाहेर आला. "बाई, हा तर नुसत्या त्या गुंडाचा खुनी निघाला."

"व्हय की," चिमाबाई म्हणाली. "त्योच पायजे हुता."

खोटी खबर दिल्याबद्दल खटला भरतो, असं फौजदारानं बजावलं. तिनं खुशाल भरा म्हणून सांगितलं. चौकीत आपण आधी किती वेळा आलो आणि तिथं काय ऐकलं, तेही कोर्टात सांगू म्हणाली. गुरप्पा हवालदाराला एकाएकी खोकला लागला. खटला काही भरला गेला नाही.

येडूला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या दिवशी कोर्टात चिमाबाई, मायाक्का आणि उन्हापासून लपायला आलेला एक म्हातारा, एवढेच बसले होते. वकिलांचा खुनी सापडलाच नाही. एका अडाणी बाईनं तपासाची दिशा चुकवली, असं पेपरनं लिहिलं. त्यात गुंडाचं नाव नव्हतं.

गावी निघायच्या दिवशी वकिलांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, तिला मागच्या दाराशी बोलावून घेतलं. चिमाबाई शिव्या खायच्या तयारीनंच गेली.

"तू खरंच कुणाला पाहिलं होतंस?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चिमाबाईची मान खाली गेली. "न्हाय, बाईसायेब. माज्या मान्साला कुनी इचारत नव्हतं."

रुक्मिणीबाईंनी उंबऱ्यावरच बसकण मारली. वकील गेल्यापासून लोक येऊन त्यांना संस्थांची नावं ऐकवत होते.

"कसा होता गं तुझा नवरा?"

हे तिला चौकीत, कोर्टात, कुणीच विचारलं नव्हतं. चिमाबाईनं खूप आठवून पाहिलं. "घोरायचा लई," ती म्हणाली. "मेंढरं बुजायची."

"हेही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी माजघरात निजायची."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. स्वयंपाकीणबाई आतून धावत आली, तर दुखवट्यातल्या घराच्या मागच्या दारात दोघी विधवा डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.