लवंगेतला निळा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेत लवंगेच्या तेलात तीनच घटक असतात. जगात कुणाला दोन सापडोत नाहीतर वीस, आमच्याकडे तीन, कारण तिसरा आमच्या सरांनी शोधलाय. त्यावर त्यांना बढतीही मिळाली.

मी वाफेवर तेल काढलं, सिलिकाच्या पट्टीवर पेन्सिलीने खूण करून तिथे तेलाचा थेंब टेकवला आणि पट्टी द्रावकात उभी केली. द्रावक वर चढलं, तसे घटक वेगळे झाले. पट्टी आयोडीनच्या वाफेत धरल्यावर दोन तपकिरी ठिपके दिसले.

"तिसरा कुठाय?" सरांनी विचारलं.

"आलाच नाही, सर."

"न यायला काय झालं? सगळ्यांना येतो. आज आण, नाहीतर नापास."

नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि पास झाल्यावर मिळणारी, आत्याने चार ठिकाणी शब्द टाकून ठरवलेली नोकरीही गेली. बाकीच्यांच्या पट्ट्यांवर सरांनी स्वतः खुणा करून दिल्या होत्या. मीच तेवढी पुस्तकी शहाणी.

शेवटी सर बाह्या सरसावून बसले. खिशातलं निळं पेन काढून त्यांनी नव्या पट्टीवर ठसठशीत खूण केली आणि तिथे तेल टेकवलं.

"सर, शाई द्रावकात विरघळते ना..."

"पेन्सिल बालवाडीत वापरतात," सर म्हणाले.

पट्टी द्रावकात उभी केल्यावर निळा ठिपका ऐटीत वर चढला. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं पेन मागून घेतलं, कोऱ्या पट्टीवर तशीच खूण केली आणि तेल न लावताच ती द्रावकात ठेवली. ठिपका तिथेही चढला!

"सर, हिला तेल लावलेलंच नाही."

बाकीचे माना खाली घालून उभे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी चष्मा पुसला, पट्टी उजेडात धरली. आता सर चीतपट, असं मला वाटलं.

"तेल नसताना?" ते पुटपुटले आणि एकदम खुलले. "अगं, म्हणजे नुसत्या खोलीतल्या वासानेसुद्धा येतो! केवढा प्रबळ घटक!"

त्यांनी मला पैकीच्या पैकी गुण दिले. मी तोंड उघडलं होतं, पण आत्या आठवली आणि नुसतं "थँक यू, सर" म्हणाले. स्वतःची चीड आली, पण वर्ष वाचलं.

पुढे सरांचा नवा शोधनिबंध छापून आला: लवंगेतल्या निळ्या घटकाचा हवेतून प्रसार. लेखक दोन. दुसरी मी.