परातीतली माती

पाणी पडलं आणि मातीला वास सुटला.

कलाबाईचा हात परातीतच थांबला. कोरडी होती तेव्हा ही नुसती माती होती. ढेकूळ नाकाशी धरून उज्ज्वला लहान मुलीसारखी हसली होती. सातवा लागल्यापासून सुनेला डोहाळे मातीचेच. चपट्या वड्या थापून चुलीत भाजून द्यायच्या, एवढंच कलाबाईला करायचं होतं.

माती आणली होती रामदासने. कलाबाईचा हा मुलगा रोज उधन्याहून बारडोलीला जाऊन शेतीच्या औषधांच्या दुकानाचा माल खेडोपाडी खपवायचा. खिशाला दोन पेनं, पायात चावणारे बूट. उसातली काळी माती पिशवीभर आणली, ती बायकोला बांगड्या आणल्याच्या थाटात. त्याच उसाला वाळवी लागली तेव्हा पांढरी पावडर टाकायला शेतकऱ्याला यानेच लावलं होतं. काल जेवताना तसं फुशारकीने सांगून वर म्हणाला, ती केव्हाच पावसात धुऊन गेली.

कलाबाईने परात त्याच्या पुढ्यात सरकवली. त्याच्या शर्टांना यायचा तोच कुबट वास.

रामदासने दुकानातला आवाज काढला. "माय, तुला नाही कळायचं. औषध मातीला धरून बसतं. पोटात गेलं तरी सुटतच नाही."

"काल धुवाई गयं म्हनत व्हता. आज धरी बठनं म्हनस. एक काय ते सांग."

त्याने शेठचं नाव घेतलं, कंपनीच्या साहेबाचं घेतलं, शेवटी बायका अडाणी असतात यावर आला. उज्ज्वला दाराशी उभी होती. हात पोटावर, नजर परातीवर. तिला आवंढा लपवता येईना.

कलाबाईने ओला गोळा उचलून मुलापुढे धरला.

"मंग पयले तू खाय."

रामदासने घड्याळ पाहिलं. बसची वेळ झाली होती. अशा माणसांची नेमकी तेव्हाच होते.

कलाबाईने माती परत पिशवीत भरून त्याच्या हातात दिली. राखेने हात घासले, तरी नखांतला वास जाईना. मग दाराबाहेरच्या चुलीपाशी बसली. अमळनेरकडच्या गावाहून पांढरी माती आणून तिने स्वतः घातलेली चूल, वर्षानुवर्षं भाजलेली. बत्त्याने तिची कड फोडली, खपली पदराने पुसली आणि पदरानेच धरून सुनेच्या तळहातावर ठेवली.

"आत्याबाई, चूल मोडनी ना."

"खाय माय."

आता तवा एका अंगाला कलतो. भाकरीची एक बाजू कच्ची राहते. ती भाकर कलाबाई रामदासच्या ताटात वाढते.