संशोधन तळाच्या दाराची कडी

डॉक्टर ओसोव्स्कींनी दाराला कडी बसवली, त्या दिवसापासून माझं त्यांचं बिनसलं.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या आमच्या पोलिश तळावर दाराला कडी लावत नाहीत. बाहेरचा माणूस कधी जीव मुठीत धरून पळत येईल आणि त्याच्या मागे काय असेल, याचा नेम नसतो. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे अस्वलाने ढकललं तरी ते घट्टच बसतं. हे सगळं मी डॉक्टरांना ते जहाजातून उतरले त्याच दिवशी सांगितलं होतं. ते बिटाचं सूप फुंकत मान डोलवत होते. मग वॉर्सातल्या फ्लॅटला तीन कुलपं आहेत, असं कौतुकाने म्हणाले. बाकीची मंडळी हिमनदीवर मुक्कामाला गेली, तशी यांनी कोठारातून कडी शोधली आणि स्वतःच्या हाताने ठोकली.

"डॉक्टर, ही काढा," मी म्हटलं.

"अहो बोग्नाबाई, सगळे आत आले की मगच लावतो. तुम्हाला कसला त्रास?"

"मला नाही. जो बाहेर राहील त्याला."

"तुम्ही उगाच घाबरवता."

घाबरलेले ते, आणि घाबरवते मी. माझं डोकंच फिरलं. पण काजेतान मध्ये पडला. "राहू दे गं. नवा माणूस आहे, रुळेल. प्रमुख परत आले की काढू." काजेतानला सगळ्यांचीच दया येते.

तो आमचा हवामानवाला. त्याचा हा शेवटचा हिवाळा होता, पुढच्या जहाजाने तो लुब्लिनला बायकोकडे कायमचा जाणार होता. इतकी वर्षं तो रोज खांद्यावर रायफल घेऊन हिंडला, पण अस्वलावर एकही गोळी झाडली नाही. त्याला गर्व म्हणून एवढ्या एकाच गोष्टीचा. "अस्वलाच्या घरात राहतो आपण," तो म्हणायचा, "त्याला मारून निघालो तर पाहुणे कसले?"

त्या दुपारी डॉक्टर डोकं दुखतं म्हणून तळावरच थांबले. मी आणि काजेतान किनाऱ्यावरची उपकरणं बघून परत येत होतो. उलट्या ठेवलेल्या होड्यांमागून अस्वल निघालं. लहानच होतं, पोट पाठीला लागलेलं.

"पळू नकोस," काजेतान म्हणाला. "चालत राहा. दार गाठलं की झालं. आपण दिसेनासे झालो की कंटाळून जाईल."

त्याने कमरेच्या पिस्तुलातून अस्वल पळवायचा नुसत्या आवाजाचा बार उडवला. अस्वल थबकलं, हवा हुंगली आणि पुन्हा आमच्या मागे येऊ लागलं. आम्ही पायऱ्या चढलो. मी मूठ ओढली. दार हललं नाही.

"डॉक्टर, उघडा. आम्ही आहोत. ओसोव्स्की, ऐकू येतंय का?"

आतून आवाज आला तो टेबल सरकवल्याचा. तो माणूस दाराला टेबल लावत होता. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, लाथा घातल्या, तोंडाला येईल ते बोलले.

काजेतानने दुसरा बार थेट अस्वलाच्या पायांपुढे उडवला. ते आता थबकलंही नाही. मान खाली घालून पुढे येत राहिलं. काजेतानने खांद्यावरून रायफल काढली.

"बोग्ना, अजून एकदा ठोक," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला असं विनवताना ऐकलं नव्हतं.

मी ठोकलं. दार उघडलं नाही. काजेतानने गोळी झाडली, मग दुसरी. अस्वल पायरीशी कोसळलं.

मग टेबल सरकलं आणि कडी निघाली. दारात डॉक्टर, पायात सपाता. त्यांनी अस्वलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"बघा. कडी होती म्हणून बरं, नाहीतर ते आत आलं असतं."

"आम्ही दार बडवत होतो," मी म्हटलं.

"मला वाटलं, अस्वलच धडका देतंय."

"तुमचं नाव घेऊन?"

बर्फ फोडायची पहार दारामागेच असते. ती घेऊन मी कडी उचकटली, लाकडाच्या ढलप्यांसकट. डॉक्टर भिंतीला चिकटले होते. पहार त्यांच्यावर पडेल असं त्यांना वाटलं असावं, आणि मला ते वाटू द्यायचंच होतं.

"शांत व्हा, बोग्नाबाई," ते म्हणाले. "कुणाला काही झालं नाही ना?"

मी पहार दारामागे ठेवली आणि बाहेर आले. तोंड उघडलं असतं तर ती पुन्हा उचलली असती.

बाहेर काजेतान पायरीवर बसला होता. हातमोजा काढून त्याने तळवा अस्वलाच्या मानेवर ठेवला होता. थंडीने बोटं पांढरी पडत चालली होती.

"आत चल," मी म्हटलं. "दार उघडं आहे."

"असू दे," तो म्हणाला. "आता आत येऊन काय करायचंय?"