मोटारीची मागची बाजू

बसम्माच्या पत्र्याच्या मोटारीचं पुढचं निम्मं अंग तयार झालं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी खरी मोटार विकून टाकली.

एकोणीसशे तेहतीस सालची गोष्ट. शुक्रवार पेठेत बसम्माच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पांचं, लोखंडी सामानाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, आणि समोर डॉक्टरांचा दवाखाना. दवाखान्यापुढच्या लिंबाखाली त्यांची काळी फोर्ड उभी असे. बसम्मा चाळिशीची. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या, दुपार रिकामी पडे आणि खिडकीतून मोटार दिसे. एके दिवशी ती पदर सावरत रस्ता ओलांडून गेली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला ही मोटार मोजायची हाय."

"मोजून काय करणार?"

"अशीच एक करणार. फुटाला इंच."

डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मग दर रविवारी दुपारी ती दोरा आणि पट्टी घेऊन लिंबाखाली बसू लागली. कथलाचा डाग द्यायला ती माहेरीच शिकली होती. वडील कंदील दुरुस्त करत. रॉकेलच्या डब्याचा पत्रा, आसांना छत्रीच्या काड्या, टायरला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, रेडिएटरला पिठाच्या चाळणीची जाळी. एकेका चाकाला बारा आरे. बांबू तासून तिनं अठ्ठेचाळीस आरे केले. त्यातले वीस बसवताना मोडले, ते पुन्हा केले. पेठेतल्या बायका म्हणायच्या, नातवंडं खेळवायच्या वयात ही खेळणी करते. गुरुबसप्पांच्या कानावर ते येई. "हसू होतंय आपलं," ते एकदा म्हणाले. बसम्मा कानस चालवत राहिली.

आणि आता मोटारच गेली. मोहोळच्या बाळासो नावाच्या व्यापाऱ्यानं ती नेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागची बैठक, मागची दारं, पाठीची गोलाई, यातलं काहीच तिनं मोजलेलं नव्हतं.

"साकु, बसम्मा," गुरुबसप्पा कानडीत म्हणाले. "पुरे आता. मागचं अंदाजानं कर की. कुणाला कळतंय?"

"अंदाजानं करायची असती तर एक वरीस कशाला घालवलं असतं? सोमवारी दुकान बंद असतंय. मी मोहोळला जाते."

"एकटी?"

"तुमी येत असाल तर दोघं."

सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं मोहोळला उतरली. बाळासोंचं दुकान बाजारातच होतं, आणि दारात मोटार उभी होती. बसम्मा तिच्याजवळ गेली आणि थांबली. पुढच्या बैठकीच्या मागं मोटार कापलेली होती. तिथं फळ्या ठोकून त्यावर ज्वारीची पोती रचली होती.

"माणसं बसवून काय मिळतंय?" बाळासो म्हणाले. "आता एका खेपंला दहा पोती जात्यात."

"कापलेलं कुटं हाय?"

"ते व्हय? बिरप्पा धनगर घेऊन गेला. काय करतोय त्याचं, देव जाणे."

गुरुबसप्पांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. परतीची गाडी दुपारनंतर होती. त्यांनी स्वतःच विचारलं, "बिरप्पाचा मेंढरांचा वाडगा किती लांब हाय?"

कोसभर चालत गेल्यावर माळावर काट्यांचं कुंपण दिसलं. कुंपणाच्या आत, उन्हात, डॉक्टरांच्या मोटारीचा मागचा निम्मा भाग जमिनीवर बसवलेला होता. कापलेल्या बाजूला फळी लावली होती, आणि आत तीन कोकरं आणि त्यांची आई होती. बसम्मा पुढं झाली तशी बिरप्पाची बायको अंबुबाई हातात काठी घेऊन आडवी आली.

"लांबनं बघा. कालच व्यालीय ती. माणूस जवळ गेलं की बिथरती."

"मला फक्त मोजायचं हाय, बाई."

"काय मोजायचं?"

बसम्मानं सांगितलं. अंबुबाईनं सगळं ऐकून घेतलं, मग तिच्या हाताकडं बघितलं. बोटांवर डागाचे चटके होते, नखं काळी पडली होती. ती म्हणाली, "दूध पिऊन निजत्यात कोकरं. मग आईला बाहीर काढते. तवर बसा."

ती दोघं सावलीला बसून राहिली. अंबुबाईनं भाकरी आणि ताक दिलं. उन्हं कलायला लागली तेव्हा तिनं मेंढी बाहेर नेली आणि म्हणाली, "आता मोजा. कोकरांना हात लावू नगा."

लांबी, रुंदी, दाराची उंची पटापट झाली. गुरुबसप्पा दोऱ्याचं दुसरं टोक धरत होते. पाठीची गोलाई मात्र दोऱ्यानं येईना. बसम्मानं आणलेला वर्तमानपत्राचा कागद लावून पाहिला. कागद तोकडा पडला, आणि वाऱ्यानं फाटला. तिनं कडेनं दुसरा लावला, तोही गेला. गाडीची वेळ होत आली होती. ती गुडघ्यावर बसून फाटलेले तुकडे जुळवत राहिली.

गुरुबसप्पांनी डोक्याचा पांढरा पटका सोडला.

"हे धर."

"तुमचा पटका?"

"मला कळतंय माझा हाय ते. धर."

त्यांनी दोन्ही हातांनी कापड मोटारीच्या कुशीला ताणून धरलं, आणि बसम्मानं अंबुबाईच्या चुलीतल्या कोळशानं त्यावर कड उतरवली. संबंध गोलाई एका रेघेत आली. परत येताना गुरुबसप्पा उघड्या डोक्यानं स्टेशनावर उभे राहिले. लोक वळून बघत होते. त्यांनी पटक्याची घडी छातीशी धरून ठेवली.

घरी आल्यावर तिनं कापडावर फुटाफुटाचे चौकोन आखले, कागदावर इंचाइंचाचे, आणि रेघ चौकोनाचौकोनानं लहान केली. पाठ बरोबर उतरली. पण पुढच्या अंगाला जोडायला गेली तर जुळेना. पुढचं अंग अर्ध्या सुतानं, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागानं, जास्त रुंद होतं. तिनं दोन्ही मापं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. चूक जुनी होती. पहिल्या रविवारी, हात बसलेला नसताना घेतलेलं ते माप होतं.

गुरुबसप्पा म्हणाले, "मागचं थोडं रुंद कर. अर्धं सूत कोण बघायला बसलंय?"

"मी."

तिनं डाग तापवून सोडवले. बॉनेट, मडगार्ड, दिवे, सगळं सुटं करून ताटात ठेवलं. वर्षाचं काम एका दुपारी मोकळं झालं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवा पत्रा कापायला घेतला, आणि गुरुबसप्पांनी दुकानातली चांगली कात्री न सांगता वर आणून ठेवली.

मोटार पुरी व्हायला आणखी सात महिने लागले. काळा रंग तिनं चार वेळा दिला, चारही वेळा घासून गुळगुळीत केला. मग डॉक्टरांना बोलावलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. मग बोटाच्या नखानं मागचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, पुन्हा लावलं.

"ही मला द्याल का?" त्यांनी विचारलं. "माझ्या टेबलावर ठेवीन. म्हणाल ती किंमत."

"न्हाय, डॉक्टरसाहेब. ही घरातच राहील." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण आठ दिवसांनी बाळासोंची मोटार मोजायला जाणार हाय. पोत्यांची. ती झाली की बघायला या."

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पांनी दुकानातल्या फळीवरची कुलपं बाजूला सारली आणि तिथं मोटार ठेवली. खिळे घ्यायला आलेली माणसं खिळे विसरून तिच्यापुढं उभी राहू लागली. कुणी विचारलं, चालते का, तर गुरुबसप्पा म्हणत, "चालत न्हाय. आमच्या घरच्यांनी केलीया. हात मागं ठेवून बघा."